माणसं मोजून उभारलेलं साम्राज्य

1630 च्या जुलैत जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावर, ओडर नदीच्या मुखाशी असलेल्या उझेडोम बेटावर, स्वीडनचा राजा गुस्ताव अडॉल्फ तेरा-चौदा हजार माणसं घेऊन उतरला. जर्मनीत बारा वर्षं धर्मयुद्ध पेटलेलं होतं. कॅथलिक सम्राटापुढे प्रॉटेस्टंट संस्थानिक एकेक करून नांगी टाकत होते आणि मध्ये पडलेला डेन्मार्कचा राजा हात पोळून माघारी गेला होता. अशा वेळी स्वीडनने उडी घेतली. फिनलंड धरून या देशाची लोकसंख्या तेव्हा साडेबारा लाखांच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत एकट्या नाशिक शहरात याहून जास्त माणसं होती. देश थंड, गरीब, जंगलांचा. शेतीचा हंगाम तोकडा. तरीही पुढची नव्वद वर्षं उत्तर युरोपातल्या कुठल्याही दरबारात स्वीडनला विचारल्याशिवाय पान हलत नव्हतं.

हे कसं घडलं, याचं नेहमीचं उत्तर म्हणजे पराक्रमी राजे. राजे पराक्रमी होते यात शंका नाही. पण मला या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते ती तिथल्या चर्चमधली वही. कुठल्या घरात किती माणसं आहेत, त्यांची वयं काय, कोण धडधाकट आहे आणि कोण लंगडं, हे त्या काळात स्वीडनच्या राजाला जेवढं ठाऊक होतं, तेवढं युरोपातल्या क्वचितच कुणा राजाला ठाऊक असेल.

त्या वहीमागे एक खंडणी आहे. गुस्ताव 1611 मध्ये गादीवर बसला तेव्हा सतरा वर्षांचाही झाला नव्हता. वडिलांनी मागे ठेवली होती तीन युद्धं: डेन्मार्क, रशिया आणि पोलंडशी. डेन्मार्कशी 1613 मध्ये तह झाला तोच मुळी नामुष्कीचा. पश्चिम समुद्राकडे उघडणारी स्वीडनची एकमेव खिडकी म्हणजे एल्व्सबोर्गचा किल्ला, तो डेन्मार्कने गहाण ठेवून घेतला. सोडवायचा तर सहा वर्षांत दहा लाख रिक्सडालर चांदीच्या नाण्यांत मोजायचे. दरबारातली चांदीची भांडी वितळली. पण खरा भार पडला तो गावोगाव. शेतकरी, त्याची बायको, गडी, मोलकरीण, सगळ्यांवर पट्टी बसली आणि ती वसूल करायची म्हणून प्रत्येक पॅरिशमध्ये माणसांच्या नावानिशी याद्या तयार झाल्या. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतली वस्ती. किल्ला सुटला आणि यादी करायची सवय राज्याला लागली ती कायमची.

त्याच सवयीवर सैन्यभरती उभी राहिली. पंधरा वर्षांवरच्या पुरुषांची नावं पाद्र्याने लिहून द्यायची, दहा-दहा जणांचे गट पाडायचे आणि दर गटातून एक जण उचलायचा. उमरावांच्या जमिनीवरच्या कुळांना सवलत होती. तिथे वीस जणांतून एक. भरतीची तारीख रविवारच्या प्रार्थनेनंतर व्यासपीठावरून वाचली जाई. ज्याने बारसं केलं, ज्याने लग्न लावलं, त्याच पाद्र्याच्या तोंडून ती ऐकायला मिळे.

उत्तर स्वीडनमध्ये, वेस्टरबॉटेन प्रांतात, ब्यूग्देओ नावाचा पॅरिश आहे. यान लिंडेग्रेन या इतिहासकाराने तिथल्या वह्या ओळ न ओळ तपासल्या. 1621 ते 1639 या काळात या एका वस्तीने 230 तरुण युद्धावर धाडले. त्यांतले 215 परदेशात मेले. पाच जण अपंग होऊन घरी परतले. उरलेले दहा 1639 मध्ये अजून फौजेतच होते. लढाईत पडलेले थोडे. बहुतेक जण पोलंड आणि जर्मनीतल्या किल्ल्यांच्या शिबंदीत ताप आणि हगवणीने गेले. वस्तीतल्या प्रौढ पुरुषांची संख्या 468 वरून 288 वर आली. 1639 च्या भरतीत निम्मी मुलं पंधरा वर्षांची होती, कारण त्यांच्याहून मोठं कुणी उरलंच नव्हतं. शेतं बायकांनी कसली, कर बायकांनी भरले. इतक्या वेळा वाचूनही हे आकडे माझ्या अंगावर येतात. ब्रायटेनफेल्ड आणि ल्युत्सेनच्या विजयांची चित्रं स्वीडनमध्ये भिंतीभर आहेत. त्यांच्यासोबत ब्यूग्देओची ही वहीही टांगली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

माणसं वहीतून आली, मग पैसा? तो जमिनीखालून आला. फालुनच्या खाणीतलं तांबं तेव्हा युरोपभर विकलं जाई. लोखंड तर चांगलंच होतं. लुई द गेअर या लीएजच्या व्यापाऱ्याने आपल्या मुलखातले वॅलून कारागीर आणून तोफा ओतायचे कारखाने काढले आणि स्वीडनच्या तोफा मित्र, शत्रू सगळेच विकत घेऊ लागले. कार्ल्सकुगाची बोफोर्सची भट्टीही याच काळातली, 1646 सालची. कारगिलच्या शिखरांवर 1999 मध्ये धडाडलेल्या तोफांचं कूळ तिथवर जातं. दापोडी-चिंचवडच्या पट्ट्यात ज्यांनी सँडविक, आल्फा लावाल, एसकेएफ या कंपन्यांत नोकऱ्या केल्या, त्यांना स्वीडिश पोलादाची ही परंपरा वेगळी सांगायला नको. याशिवाय पोलंडकडून मिळवलेल्या प्रशियन बंदरांची जकात होती, आणि 1631 पासून फ्रान्स दर साल चार लाख रिक्सडालर देत होता. कॅथलिक फ्रान्सने कॅथलिक सम्राटाविरुद्ध प्रॉटेस्टंट फौज पोसावी, एवढं धर्मयुद्ध तोवर राजकारण बनलं होतं.

सप्टेंबर 1631 मध्ये लाइपझिगजवळ ब्रायटेनफेल्डला सम्राटाचा म्हातारा सेनापती टिली समोर आला. स्वीडनच्या डाव्या बाजूला उभे असलेले सॅक्सन मित्र लढाई पेटताच पळाले आणि बगल उघडी पडली. कुठलीही दुसरी फौज इथेच कोलमडली असती. गुस्तावची पायदळाची तुकडी मात्र लहान आणि चपळ होती. एका घोड्याने किंवा दोन-तीन माणसांनी ओढता येतील अशा हलक्या तोफा प्रत्येक पलटणीसोबत होत्या. राखीव फळी वळून उघड्या बगलेत उभी राहिली, आणि संध्याकाळपर्यंत टिलीची अर्धीअधिक फौज मेली, पळाली किंवा कैद झाली. पुढल्या मे महिन्यात गुस्ताव म्युनिकमध्ये होता.

नोव्हेंबर 1632 मध्ये ल्युत्सेनच्या मैदानावर दाट धुकं होतं. जुनी गोळी खांद्याजवळ रुतून बसलेली असल्याने गुस्तावला लोखंडी चिलखत सोसत नसे. त्याच्या अंगात सांबराच्या जातीतल्या एल्कच्या कातड्याचा जाड डगला होता. धुक्यात तो शत्रूच्या घोडेस्वारांत सापडला आणि त्याचा श्ट्राइफ नावाचा घोडा एकटाच माघारी आला. लढाई स्वीडननेच जिंकली. राजाचं प्रेत रात्री सापडलं. तो डगला व्हिएन्नाला विजयचिन्ह म्हणून गेला आणि जवळपास तीनशे वर्षं तिथेच राहिला. पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियात उपासमार होती तेव्हा स्वीडनने मदत पाठवली, तिची परतफेड म्हणून ऑस्ट्रियाने तो 1920 मध्ये परत केला. आज तो स्टॉकहोमच्या राजवाड्यातल्या शस्त्रागारात आहे. श्ट्राइफचं पेंढा भरलेलं कातडंही तिथेच आहे.

गादीवर सहा वर्षांचीही न झालेली क्रिस्टीना आली आणि कारभार चॅन्सेलर आक्सेल ऑक्सेनशेर्नाने हाती घेतला. युद्ध आणखी सोळा वर्षं चाललं. स्वीडनच्या झेंड्याखाली लढणाऱ्यांत आता बहुसंख्य जर्मन होते, स्कॉटही होते. युद्धाने युद्धाला पोसायचं, म्हणजे ज्या मुलखात फौज असेल त्यानेच तिला खायला घालायचं, हा शिरस्ता होता. आपल्याकडच्या मुलूखगिरीच्या हकिकती ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना यापुढचं सांगायची गरज नाही. शेणपाणी घशात ओतून दाणागोटा कुठे पुरलाय ते वदवून घ्यायच्या छळाला जर्मनीत आजही ‘स्वीडिश पेय’ म्हणतात. 1648 मध्ये तहाच्या वाटाघाटी संपत आल्या असताना स्वीडनच्या फौजेने प्रागचा किल्लेवजा अर्धा भाग लुटला. त्या लुटीतला ‘कोडेक्स गिगास’ हा 75 किलोचा हस्तलिखित ग्रंथ स्टॉकहोमच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. 2007 मध्ये तो प्रागला गेला, तो फक्त प्रदर्शनापुरता, उसना. वेस्टफालियाच्या तहात स्वीडनला पश्चिम पॉमेरेनिया, ब्रेमेन-फेर्डेन, विस्मार आणि फौजेचा पगार भागवायला पन्नास लाख थालर मिळाले.

क्रिस्टीनाने राज्यत्याग केला आणि तिचा आतेभाऊ दहावा कार्ल राजा झाला. याच्याबद्दल एकच गोष्ट सांगतो, पण ती थोडी सविस्तर. तो पोलंडमध्ये गुंतलेला असताना 1657 मध्ये डेन्मार्कने युद्ध पुकारलं. कार्ल तसाच वळला आणि फौजेसकट डेन्मार्कच्या मुख्य भूमीत घुसला. पण कोपनहेगन बेटावर, आणि बेटं व जमीन यांच्यामध्ये समुद्र. त्या हिवाळ्यात समुद्र गोठला. 1658 च्या जानेवारी अखेरीस फौज पहिल्या सामुद्रधुनीवरून चालत निघाली. बर्फ फुटून घोडेस्वारांच्या दोन तुकड्या पाण्यात गेल्या. दुसरी सामुद्रधुनी कितीतरी रुंद होती. एरिक डालबर्ग या अभियंत्याने आधी जाऊन बर्फाची जाडी तपासली, ते पेलेल अशी ग्वाही दिली, आणि राजाने त्या एका माणसाच्या शब्दावर सगळी फौज समुद्रावर घातली. स्वार खाली उतरून, घोडे हातात धरून, अंतर राखून चालले. टापांखाली बर्फ वितळून पाणी साचत होतं. फौज कोपनहेगनच्या दिशेने येतेय म्हटल्यावर डेन्मार्कने तह केला. स्कोने, ब्लेकिंगे, हालांड, बोहुसलेन हे प्रांत त्या तहात स्वीडनला मिळाले. आजच्या स्वीडनची दक्षिण सीमा तीच आहे. युद्धाने मिळवलेलं जे थोडं त्या देशाकडे टिकलं, त्यात हे प्रांत मुख्य.

पुढचा अकरावा कार्ल लढवय्यापेक्षा हिशेबी होता. मला या घराण्यात तोच सर्वांत थोर वाटतो. उमरावांनी दाबलेल्या जमिनी त्याने सरकारजमा केल्या आणि फौजेची नवी घडी बसवली. दोन-चार शेतकरी घरांनी मिळून एक शिपाई पोसायचा. त्याला खोपटं, जमिनीचा तुकडा, कपडे आणि थोडा पगार द्यायचा. शांततेत तो शेती करी, सुट्टीच्या दिवशी कवायत. दर प्रांताची बाराशे जणांची एक पलटण. गावात चार-चार आंदेर्श आंदेर्शोन असायचे, म्हणून शिपायाला हाक मारायला सोपं असं एक छोटं नाव दिलं जाई. राश्क म्हणजे चपळ, मुदिग म्हणजे धीट, स्वेर्ड म्हणजे तलवार. शिपाई मेला की त्या घरांनी दुसरा उभा करायचा. तो त्याच खोपटात राहायला येई आणि पुष्कळदा तेच नाव घेई. वही बंद पडत नसे. ही व्यवस्था 1901 पर्यंत टिकली.

हे तयार हत्यार 1697 मध्ये पंधरा वर्षांच्या बाराव्या कार्लच्या हाती आलं. तो पोर आहे असं समजून डेन्मार्क, सॅक्सनी-पोलंड आणि रशिया 1700 मध्ये एकाच वेळी उठले. त्याने डेन्मार्कला काही आठवड्यांत गप्प केलं. नोव्हेंबरात नार्वाला, बर्फाचं वादळ रशियनांच्या तोंडावर असताना, दहाएक हजार माणसांनिशी तिप्पट मोठी रशियन फौज उधळली. मग सहा वर्षं तो पोलंडमध्ये राजे उठवत-बसवत राहिला. त्या सहा वर्षांत झार पीटरने नवी फौज घडवली आणि 1703 मध्ये स्वीडनकडून घेतलेल्या नेवाकाठच्या दलदलीत सेंट पीटर्सबर्ग वसवायला घेतलं. कार्लची ही चूक इतकी उघड आहे की तिची वकिली करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

1708 मध्ये तो मॉस्कोकडे निघाला. पीटर मागे हटत गेला आणि हटताना आपलाच मुलूख जाळत गेला. दाणा नाही, वैरण नाही. रीगाहून स्वीडिश सेनापती लेवेनहाउप्ट हजारो गाड्यांची रसद घेऊन येत होता. त्याला पीटरने लेस्नायाला गाठलं. गाड्या गेल्या, बारा हजारांतले सहाएक हजार रिकाम्या हाताने राजाकडे पोचले. कार्ल दक्षिणेला युक्रेनकडे वळला, कारण कोसॅकांचा हेटमान माझेपा त्याला मिळाला होता. पण माझेपाची राजधानी बातुरिन कार्लच्या आधी पीटरचा सेनापती मेन्शिकोव्ह पोचून बेचिराख करून गेला होता. त्यातच 1709 ची थंडी आली. युरोपने तशी थंडी शतकानुशतकं पाहिली नव्हती. उडती पाखरं मरून पडत. हादियाचच्या वेशीपाशी आत शिरण्याच्या चेंगराचेंगरीत आणि उघड्यावर काढलेल्या रात्रीत किती तरी माणसं गोठून मेली. वाचलेल्यांच्या हातापायांची बोटं कापण्यात वैद्यांचे दिवस जात होते.

वसंतात पोल्टावाला वेढा घातला, तोही बारूद ओली आणि अपुरी असताना. जूनमध्ये, आपल्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, कार्लच्या पायात गोळी शिरली आणि तो ज्वराने अंथरुणाला खिळला. या लढाईच्या तीन तारखा आहेत: रशियात 27 जून, बहुतेक युरोपात 8 जुलै आणि स्वीडनमध्ये 28 जून. 1700 पासून हळूहळू लीप दिवस गाळत नव्या पंचांगावर जायचं असं स्वीडनने ठरवलं होतं. पण युद्धाच्या धबडग्यात 1704 आणि 1708 चा दिवस गाळायचा राहून गेला, आणि स्वीडन जगापेक्षा वेगळ्या तारखेत जगत राहिलं. हा घोळ निस्तरायला त्यांनी 1712 मध्ये 30 फेब्रुवारी पाळला.

पीटरने छावणीच्या वाटेवर दहा दमदमे उभारले होते. सहा आडवे, चार उभे. अंधारातच त्यांना बगल देऊन पुढे जायचं, अशी स्वीडिश सेनापती रेनशेल्डची योजना होती. पण घोडदळ वाट चुकून उशिरा आलं, तोवर उजाडलं. पायदळाला नेमकं काय करायचं ते सगळ्यांना सांगितलेलंच नव्हतं. रूस नावाच्या अंमलदाराने आपल्या पलटणींसह एका दमदम्यावर हल्ल्यावर हल्ले चढवले, तो मुख्य फौजेपासून तुटला, वेढला गेला आणि शरण आला. त्याच्यासोबत पायदळाचा तिसरा हिस्सा गेला. उरले चार हजारांच्या आसपास. त्यांच्यापुढे पीटरने छावणीतून बावीस हजारांचं पायदळ दोन रांगांत उभं केलं. स्वीडनकडे चार तोफा होत्या. बाकी मागे सामानापाशीच ठेवल्या होत्या.

तरी ती पातळ निळी रांग चालून गेली. उजव्या बाजूने रशियन फळी मागे रेटून काही तोफाही घेतल्या. डावी बाजू तोफांच्या माऱ्याखाली कोसळत होती. दोन्हींमध्ये खिंडार पडलं, त्यात रशियन पायदळ घुसलं आणि सगळं संपलं. उपलांडची पलटण जवळजवळ संपूर्ण कापली गेली. प्रांतवार पलटणीचा अर्थ अशा वेळी कळतो: एका पट्ट्यातल्या खोपटांमधले सगळे एकाच सकाळी गेले. पोल्टावाला स्वीडनचं पानिपत झालं. सुमारे सात हजार मेले, पावणेतीन हजार कैद झाले. उरलेली फौज नीपर नदीकडे पळाली. नावा नव्हत्याच म्हणण्याइतक्या कमी. जखमी राजाला थोड्या लोकांसह पलीकडे काढलं आणि तीन दिवसांनी पेरेव्होलोच्नाला लेवेनहाउप्ट पंधराएक हजार माणसांसह मेन्शिकोव्हला शरण गेला. मेन्शिकोव्हकडे तेव्हा नऊ हजारच होते. पण त्या माणसांच्या अंगात त्राण उरलं नव्हतं.

कैद्यांची मॉस्कोतून धिंड निघाली आणि मग त्यांना दूरदूर, कित्येकांना सैबेरियात, पाठवलं. टोबोल्स्कला त्यांनी सुतारकाम केलं, शाळा काढली, नकाशे काढले. स्ट्रालेनबर्ग नावाचा अंमलदार तेरा वर्षं कैदेत होता. युरोप आणि आशियाची सीमा उरल पर्वतावरून धरावी हे त्याने 1730 मध्ये छापलेल्या पुस्तकात मांडलं. शाळेच्या भूगोलात आपण पाठ केलेली ती रेषा एका युद्धकैद्याने सुचवलेली आहे.

इकडे वही चालूच होती. स्वीडन आडवं झालं या हिशेबाने डेन्मार्क स्कोनेत उतरला. तेव्हा त्याच घरांनी नवे शिपाई उभे केले, आणि 1710 च्या मार्चमध्ये स्वीडिश सेनापती स्टेनबॉकने या नवख्या फौजेनिशी हेल्सिंगबोर्गला डेन्मार्कचा पाडाव केला. ही व्यवस्थेची कमाल होती, आणि हाच तिचा शापही. देश अजून माणसं देऊ शकतो हे दिसल्यावर राजा थांबेना. पाच वर्षं तुर्कांच्या आश्रयाला राहून तो परतला, पुन्हा भरती केली आणि नॉर्वेवर चालून गेला. 30 नोव्हेंबर 1718 च्या रात्री फ्रेड्रिकस्टेनच्या वेढ्यात, मोर्चातून डोकावताना, त्याच्या कानशिलात गोळी शिरली. गोळी शत्रूची की घरभेद्याची, यावर वाद इतका की त्याची शवपेटी पुढे चारदा उघडली गेली. उत्तरेत सेनापती आर्मफेल्टची दुसरी स्वीडिश फौज नॉर्वेतून माघारी निघाली आणि 1719 च्या नववर्षात डोंगरावरच्या हिमवादळात तिचे तीनेक हजार शिपाई गोठून मेले. बंदुकांचे दस्ते जाळूनही ऊब मिळाली नाही. त्यांतले बहुतेक फिनिश होते. पुढल्या उन्हाळ्यात रशियन गलबतांनी किनारा जाळत नेला. नॉरशेपिंग, न्यूशेपिंग, सॉडरटेल्ये राख झाली. 1721 च्या न्यूस्टाडच्या तहात लिव्होनिया, एस्टोनिया, इंग्रिया आणि कारेलियाचा तुकडा गेला. पीटरने त्याच वर्षी सम्राटपद घेतलं.

1749 मध्ये स्वीडनने पाद्र्यांच्या त्याच वह्या एकत्र करून सगळ्या देशाची लोकसंख्या मोजली. अख्ख्या देशाची अशी नियमित आकडेवारी ठेवणारं पहिलं राज्य तेच. फिनलंड सोडून साडेसतरा लाखांच्या वर माणसं भरली. राज्यकर्त्यांना वाटत होतं त्याहून हा आकडा इतका कमी निघाला की शत्रूला कळू नये म्हणून तो बराच काळ गुप्त ठेवला. आता वहीतून दुसरे प्रश्न विचारले जाऊ लागले: बाळं कशाने दगावतात, बाळंतिणी का मरतात, देवीने किती जण गेले. सुईणी तयार करणं आणि गावोगाव वैद्य नेमणं या कामांना त्या आकड्यांचा आधार मिळाला.

1809 मध्ये फिनलंडही रशियाकडे गेलं. 1814 मध्ये नॉर्वेवर एक छोटी मोहीम झाली, आणि त्यानंतर स्वीडनने युद्ध केलेलं नाही. दोन्ही महायुद्धांत तो देश बाजूला राहिला. सक्तीची लष्करभरतीही त्यांनी 2010 मध्ये थांबवली होती. रशियाच्या हालचाली पाहून 2017 मध्ये ती पुन्हा सुरू करायचं ठरलं. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर स्वीडनने कार्ल्सकुगाच्या कारखान्यातल्या आर्चर तोफा युक्रेनला दिल्या, आणि 7 मार्च 2024 रोजी नाटोत प्रवेश केला. आता स्वीडनमध्ये अठराव्या वर्षात येणाऱ्या प्रत्येक मुलाला आणि मुलीला सरकारी प्रश्नावली भरावी लागते: तब्येत, शिक्षण, सैन्यात जायची तयारी. लाखभर नावांतून सेवेसाठी बोलावले जातात ते काही हजारच.